नंदू नाटेकर : पदकांच्या आधीचा विजेता

(महाबळेश्वर इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



इथं येताना पाचगणीला टेबललँडवर थोडा वेळ थांबलो होतो. तिथं एक कुटुंब बॅडमिंटन खेळत होतं. म्हणजे खेळायचा प्रयत्न करत होतं! बाजारातून घेतलेल्या दोन रॅकेटी, प्लॅस्टिकचं शटल आणि टेबललँडवरचा वारा. वडील सर्व्हिस करायचे, शटल अर्ध्या वाटेत वळायचं आणि घोडेवाल्याच्या पायाशी जाऊन पडायचं. धाकटी मुलगी दर वेळी पळत जाऊन ते आणत होती. पण चौघंही खूश होती. तुम्हीही कधी ना कधी हे केलं असणार. आपल्याकडे बॅडमिंटन न खेळलेलं घर शोधून सापडायचं नाही.

आणि तरीही, हा खेळ ज्यानं भारताबाहेर जिंकून दाखवला तो पहिला माणूस कोण, असं विचारलं की आपण प्रकाश पदुकोण म्हणतो. ते चूक आहे. पदुकोण फार मोठे खेळाडू, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांच्या आधी जवळजवळ पाव शतक, १९५६ मध्ये, परदेशातली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू आपल्या कृष्णाकाठचा होता. नंदकुमार महादेव नाटेकर. जन्म १२ मे १९३३, सांगली. सगळं जग त्यांना नंदू नाटेकर म्हणूनच ओळखायचं.

आजचा विषय त्यांची कारकीर्द हा आहे. पण नुसती विजेतेपदांची यादी वाचून दाखवायला मी आलेलो नाही. मला एका प्रश्नाचं उत्तर तुमच्यासोबत शोधायचं आहे. इतका मोठा खेळाडू आपल्या लक्षात का राहिला नाही?

एक नदी, तीन खेळाडू

आपण बसलोय महाबळेश्वरात, म्हणून नदीपासून सुरुवात करू. इथल्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा उगम पावते. खाली धोम, वाई, मग माहुलीला वेण्णा तिला मिळते. पुढं कऱ्हाडला कोयना मिळते, आणि कोयनाही इथलीच. तिथून कृष्णा सांगलीला जाते. या एवढ्याशा पट्ट्यात, थोड्या वर्षांच्या अंतरानं तीन माणसं जन्माला आली. विजय हजारे, सांगली, १९१५. खाशाबा जाधव, कऱ्हाडजवळचं गोळेश्वर, १९२६. आणि नाटेकर, पुन्हा सांगली, १९३३.

आता १९५२ हे एकच साल बघा. फेब्रुवारीत मद्रासला भारतानं इंग्लंडला हरवून पहिली कसोटी जिंकली. कर्णधार विजय हजारे. जुलैमध्ये हेलसिंकीला खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि त्याच सुमाराला हा सांगलीचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा एक खेळ सोडून दुसरा धरत होता.

हजारे क्रिकेटचे, त्यांना धावफलक होता. खाशाबा कुस्तीचे, त्यांना ऑलिंपिक होतं. नाटेकरांच्या खेळाला यातलं काय होतं? हा मुद्दा धरून ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

हरल्यामुळे सापडलेला खेळ

नाटेकर मुळात टेनिस खेळायचे. आणि चांगलं खेळायचे. १९५१-५२ मध्ये ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेले. समोर होते रामनाथन कृष्णन. नाटेकर हरले.

आता जरा हिशोब करा. कृष्णन यांचा जन्म एप्रिल १९३७ चा. म्हणजे नाटेकर अठरा वर्षांचे, आणि त्यांना हरवणारा मुलगा चौदा वर्षांचा. अठराव्या वर्षी चार वर्षांनी लहान पोराकडून हरणं म्हणजे काय, हे ज्यानं कुठलाही खेळ खेळलाय त्याला सांगायला नको. आज आपल्याला ठाऊक आहे की तो पोरगा कोण होता. १९५४ मध्ये विम्बल्डनचं मुलांचं विजेतेपद मिळवणारा, १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठणारा. पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक होतं?

त्या पराभवानंतर नाटेकरांनी टेनिस बाजूला ठेवलं आणि बॅडमिंटनवर सगळं लक्ष केंद्रित केलं. आपण 'हरला म्हणून खेळ सोडला' असं नाक मुरडून म्हणतो. मला इथं वेगळं दिसतं. आपल्या हातात काय आहे आणि ते कुठं चालेल, हे त्या वयात ओळखणं सोपं नसतं. टेनिसची रॅकेट जड, चेंडू जड, सगळा खांदा आणि दंड लावावा लागतो. नाटेकरांची खरी दौलत होती मनगटात. बॅडमिंटनचं शटल पाच ग्रॅमच्या आसपास वजनाचं. तिथं मनगट राजा.

आणि झालं काय? दीड-दोन वर्षांत, १९५३ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, ते भारताचे राष्ट्रीय विजेते झाले.

या गोष्टीचा उत्तरार्ध फार गोड आहे. १९६१ मध्ये सरकारनं अर्जुन पुरस्कार सुरू केला. पहिल्याच यादीत बॅडमिंटनसाठी नाव होतं नंदू नाटेकर. आणि टेनिससाठी? रामनाथन कृष्णन! दहा वर्षांपूर्वीचे विजेता आणि पराभूत, दोघंही आपापल्या खेळाचे पहिले अर्जुन.

त्या काळचं बॅडमिंटन कसं होतं?

नाटेकरांचा खेळ समजून घ्यायचा तर आधी हे बघायला हवं की ते खेळत होते ते बॅडमिंटन आजचं नव्हतं.

या खेळाचं आणि आपल्या भागाचं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळायचे. तेव्हा त्याला 'पूना' असंही म्हणत. बॅडमिंटन हे नाव आलं इंग्लंडातल्या एका ड्यूकच्या हवेलीवरून. थंड हवेची ठिकाणं, छावण्या, जिमखाने या वाटेनं तो आपल्याकडे पसरला. आधी उघड्यावर, मग वाऱ्याला कंटाळून छपराखाली. वाऱ्याचं काय ते टेबललँडवरच्या त्या कुटुंबाला विचारा! १८९३ मध्ये इंग्लंडात संघटना झाली, १८९९ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. आपल्याकडची राष्ट्रीय संघटना १९३४ ची. आणि पुण्यातच प्रा. दि. ब. देवधरांच्या तीन मुली, तारा, सुंदर आणि सुमन, नाटेकरांच्या आधी राष्ट्रीय विजेत्या झाल्या होत्या. म्हणजे जमीन नांगरलेली होती.

रॅकेट लाकडी चौकटीची. आजची कार्बनची रॅकेट हातात आहे की नाही कळत नाही, तशी ती नव्हे. पावसाळी दमट हवेत लाकूड वाकायचं, म्हणून खेळ झाला की रॅकेट चार स्क्रूच्या लाकडी प्रेसमध्ये आवळून ठेवायची. ज्यांच्या घरी आजोबांची जुनी रॅकेट माळ्यावर आहे त्यांनी हा प्रेस पाहिला असेल. शटल खऱ्या पिसांचं, सोळा पिसांचं. म्हणून तर आपण त्याला 'फूल' म्हणायचो.

आणि गुण मोजायची पद्धत वेगळी. आज प्रत्येक रॅलीला कुणाला तरी गुण मिळतो, डाव २१ चा. तेव्हा पुरुषांचा डाव १५ चा, आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच. समोरच्याच्या सर्व्हिसवर तुम्ही रॅली जिंकलात तर गुण नाही, नुसती सर्व्हिस तुमच्याकडे येणार. म्हणजे फलक ७-७ वर अडकलाय आणि दोघं दहा मिनिटं घाम गाळतायत, असं व्हायचं. हा खेळ घाईचा नव्हता. समोरच्याला थकवायचं, हलवायचं, चुकवायचं, आणि मग मारायचं.

या खेळात चकवा हे सगळ्यात मोठं हत्यार. नाटेकर त्याचे उस्ताद.

चकवा म्हणजे नक्की काय? कोर्ट ४४ फूट लांब. तुम्ही मागच्या रेषेजवळ आहात, शटल डोक्यावर आलंय. तुमच्याकडे मुख्य तीन फटके आहेत. टॉस, म्हणजे उंच आणि लांब, समोरच्याच्या मागच्या रेषेपर्यंत. स्मॅश, जोरात खाली. आणि ड्रॉप, म्हणजे हलकेच नेटच्या पलीकडे टाकायचा. समोरच्या खेळाडूला यातला कुठला येणार हे लवकर कळलं तर तो आधीच निघतो आणि आरामात पोहोचतो. त्याला कसं कळतं? तुमच्या खांद्यावरून, कोपरावरून, हात किती जोरात येतोय त्यावरून.

आता समजा तिन्ही फटक्यांसाठी तुमचा खांदा, कोपर, हात अगदी सारखेच हलतात. फरक पडतो तो शेवटच्या क्षणी, मनगटात. समोरच्याला शटल सुटेपर्यंत काही कळतच नाही. तो थबकतो. अर्ध्या सेकंदाचा उशीर. एवढ्यात काम होतं. त्याहून वाईट म्हणजे तो अंदाज बांधून मागे धावतो आणि शटल नेटपाशी पडतं. हे दोन-चारदा झालं की माणूस अंदाज बांधायलाच घाबरतो. मग तो प्रत्येक वेळी उशिरा निघतो. सामना तिथंच अर्धा संपतो.

नाटेकरांचं नाव होतं ते यासाठी. मनगटी फटके, नेटजवळचा हलका हात, आणि बॅकहँड. बहुतेक खेळाडू बॅकहँडला आलेलं शटल कसंबसं परत करतात. नाटेकर त्या बाजूनेही फटका लपवू शकत. अंगात राक्षसी ताकद नव्हती. पाहणाऱ्याला वाटायचं, किती सोपं आहे. समोर खेळणाऱ्याला विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं.

क्वालालंपूर, १९५६

आता त्या विजयाकडे येऊ.

१९५४ मध्ये, वय वीस, नाटेकर पहिल्यांदा ऑल इंग्लंड खेळले आणि उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. ऑल इंग्लंड म्हणजे त्या काळी जगज्जेतेपदाची स्पर्धाच, फक्त नाव तसं नव्हतं. त्या स्पर्धेवर राज्य कुणाचं होतं? मलायाचं. वाँग पेंग सून यांनी १९५०, ५१, ५२ आणि पुन्हा ५५ मध्ये ती जिंकली. एडी चूंग यांनी ५३, ५४, ५६, ५७. म्हणजे आठ वर्षं सलग मलायाचाच माणूस. सांघिक थॉमस कपही पहिल्या तीनही वेळा, १९४९, १९५२, १९५५, मलायाकडेच.

तर १९५६ मध्ये नाटेकरांनी जी स्पर्धा जिंकली ती कुठली? सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा. ठिकाण क्वालालंपूर. मलायात.

हे जरा नीट लक्षात घ्या. कुठल्या तरी कोपऱ्यातल्या देशात जाऊन, कमकुवत खेळाडूंना हरवून आणलेली ही ढाल नव्हती. जो देश या खेळाचा बादशहा होता त्याच्या राजधानीत जाऊन जिंकलेली स्पर्धा होती. कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर कोल्हापूरच्या खासबागेत जाऊन बाहेरच्या पैलवानानं मैदान मारलं, तसं. आपल्याला स्वातंत्र्य मिळून नऊ वर्षं झाली होती. मलायाला अजून मिळायचं होतं, ते १९५७ मध्ये मिळालं. दोन गरीब देश, आणि साहेबानं लोकप्रिय केलेल्या खेळात साहेबाला केव्हाच मागं टाकलेलं.

तोपर्यंत भारताचा कुणीही बॅडमिंटनपटू परदेशी आंतरराष्ट्रीय विजेतेपद घेऊन आला नव्हता. अगदी जवळ पोहोचले होते ते लाहोरचे प्रकाश नाथ. १९४७ च्या ऑल इंग्लंडमध्ये ते अंतिम फेरीत गेले. पण त्याच वेळी लाहोर पेटलं होतं. अंतिम सामन्याच्या दिवशी वर्तमानपत्रात आपल्या गावाच्या दंगलीची बातमी त्यांनी वाचली. त्या मनःस्थितीत ते खेळले आणि हरले. पुढे फाळणीनंतर ते मुंबईला आले आणि स्पर्धात्मक खेळ त्यांनी सोडूनच दिला. म्हणजे बघा, पहिलं असण्याची संधी एका माणसाच्या हातातून इतिहासानं काढून घेतली. नऊ वर्षांनी ती दुसऱ्याच्या वाट्याला आली आणि त्यानं ती सोडली नाही.

पंधरा वर्षांचा हिशोब

बाकीची कारकीर्द आकड्यांत सांगतो, पण थोडक्यात.

राष्ट्रीय विजेतेपदं एकूण सतरा. एकेरीत सहा, पुरुष दुहेरीत सहा, मिश्र दुहेरीत पाच. एकेरी, दुहेरी, मिश्र हे तीन वेगवेगळे स्वभाव आहेत. एकेरीत धीर लागतो, दुहेरीत वेग आणि जोडीदारावर विश्वास, मिश्र दुहेरीत त्यावर आणखी समजूतदारपणा. तिन्हीत राष्ट्रीय विजेता होणारा माणूस आज शोधून दाखवा. आजचे खेळाडू एकच प्रकार धरतात, आणि त्यांना तसं करावंच लागतं.

बँकॉकच्या किंग्ज कप स्पर्धेत १९६२ मध्ये मीना शाह यांच्याबरोबर त्यांनी मिश्र दुहेरी जिंकली. मीना शाह म्हणजे सलग सात वर्षं महिला राष्ट्रीय विजेत्या. १९६३ मध्ये तिथंच नाटेकरांनी एकेरीही जिंकली. वय तेव्हा तीस.

आणि थॉमस कप. तेव्हाचा थॉमस कप तीन वर्षांनी यायचा, आणि दोन देशांची लढत नऊ सामन्यांची असायची. पाच एकेरी, चार दुहेरी, दोन दिवसांत. मुख्य खेळाडूला दोन एकेरी आणि दोन दुहेरी, असे चार सामने दोन दिवसांत पडू शकत. पंधरा गुणांच्या त्या लांबलचक डावांचे. नाटेकर भारताकडून सोळा एकेरी सामने खेळले, त्यांतले बारा जिंकले. सोळा दुहेरी खेळले, त्यांतले आठ जिंकले. संघाचे कर्णधारही झाले. एकेरीत चारपैकी तीन सामने जिंकायचे, तेही देशासाठी, परक्या कोर्टांवर. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या आकड्यांत हा आकडा सगळ्यात बोलका आहे.

या सगळ्यात पैसा किती होता? शून्य. बॅडमिंटन तेव्हा हौशी खेळ होता. बक्षिसाची रक्कम नाही, जाहिराती नाहीत. माणसानं पोटासाठी काहीतरी वेगळं करायचं आणि उरलेल्या वेळात देशासाठी खेळायचं. अशा परिस्थितीत पंधरा वर्षं वरच्या पातळीवर टिकून राहणं, हे मला एखाद्या विजेतेपदापेक्षा अवघड वाटतं.

मग आपण विसरलो का?

आता सुरुवातीचा प्रश्न. तो उलगडायला मी शेजारच्या एका खेळाची मदत घेतो, टेबल टेनिसची. दोन्ही रॅकेटचे खेळ, दोन्ही साहेबाबरोबर आलेले, दोन्ही जिमखान्यांत एकाच छपराखाली वाढलेले.

टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा सुरू झाली १९२६ मध्ये, लंडनला. १९५२ मध्ये ती मुंबईत झाली, आशियात पहिल्यांदा. पुन्हा तेच साल बघा! तिथं जपानचे हिरोजी सातो स्पंजची बॅट घेऊन आले. त्या बॅटीवर चेंडूचा आवाजच यायचा नाही. समोरचे गोंधळून गेले आणि सातो जगज्जेते झाले. म्हणजे टेबल टेनिसच्या त्या पिढीतल्या खेळाडूची कारकीर्द एका वाक्यात सांगता येते. जगज्जेता झाला की नाही झाला. कितव्या फेरीपर्यंत गेला. लोकांना कळतं, पोरांना पाठ करता येतं.

बॅडमिंटनची जागतिक स्पर्धा कधी सुरू झाली? १९७७ मध्ये. ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी बॅडमिंटन कधी आलं? १९९२, बार्सिलोना. आशियाई खेळांत १९६२ मध्ये, राष्ट्रकुल खेळांत १९६६ मध्ये. त्या १९६६ च्या किंग्स्टनला नाटेकर गेले, तेव्हा ते तेहेतीस वर्षांचे होते.

लक्षात येतंय का? त्यांच्या ऐन भराच्या वर्षांत, १९५३ ते १९६१, या खेळात जगज्जेतेपदाची स्पर्धा नव्हती, ऑलिंपिक नव्हतं, एशियाड नव्हतं. जिंकण्याजोगं होतं ते इतकंच. ऑल इंग्लंड, थॉमस कप आणि काही निमंत्रितांच्या स्पर्धा. जे पदक अस्तित्वातच नव्हतं ते गळ्यात कुठून येणार?

खाशाबांचं उदाहरण पुन्हा घेऊ. त्यांची वाट नाटेकरांपेक्षा कितीतरी खडतर होती. गावानं वर्गणी काढून त्यांना हेलसिंकीला पाठवलं. परत आले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर सरकारनं त्यांची उपेक्षाच केली, अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. पण तरीही खाशाबा आज आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांच्या हातात ते कांस्यपदक आहे. ते दाखवून भांडता येतं. लोक भांडलेही.

नाटेकरांना उलट झालं. पुरस्कार वेळेवर मिळाला, अगदी पहिल्या यादीत. पण दाखवायला पदक नव्हतं. दर चार वर्षांनी ऑलिंपिक येतं, पदकांच्या जुन्या याद्या निघतात आणि त्यांत हे नाव येत नाही. यादीत नाव नसलं की माणूस आठवणीतून जातो. यात दुष्टावा कुणाचाच नाही. आपली मोजपट्टीच तशी आहे.

आणि म्हणून मला वाटतं, जुन्या खेळाडूकडे बघताना 'पदकं किती' हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा ठेवावा. पहिला प्रश्न असा हवा. त्या काळात जिंकण्याजोगं काय होतं, आणि यानं त्यातलं किती जिंकलं? नाटेकरांना हा प्रश्न लावून बघा. देशात एकेरी, दुहेरी, मिश्र, तिन्ही जिंकल्या. परदेशात पहिलं विजेतेपद आणलं, तेही मलायातून. देशाच्या संघाचं ओझं दहा वर्षांच्या वर वाहिलं. हातून राहिली ती फक्त ऑल इंग्लंड. ती आपल्याकडे यायला १९८० साल उजाडलं, प्रकाश पदुकोण यांच्या रूपानं, आणि मग २००१ मध्ये गोपीचंद.

शेवट

२८ जुलै २०२१ रोजी पुण्यात नाटेकरांचं निधन झालं. वय अठ्ठ्याऐंशी. योगायोग असा की त्याच दिवशी टोकियो ऑलिंपिकमध्ये पी. व्ही. सिंधू गटातला सामना जिंकून पुढे गेली. चार दिवसांनी तिनं कांस्य घेतलं. पहिला माणूस गेला त्या दिवशी त्याचा खेळ ऑलिंपिकच्या कोर्टावर होता, आणि भारताकडून पदकाची अपेक्षा करत सगळा देश टीव्हीसमोर बसला होता. १९५६ मध्ये क्वालालंपूरला काय झालं हे कळायला लोकांना वर्तमानपत्राची वाट बघावी लागली होती.

आणि दहा महिन्यांनी, मे २०२२ मध्ये, भारतानं थॉमस कप जिंकला. अंतिम सामन्यात इंडोनेशियाला ३-० असं हरवून. कुठे? बँकॉकला. ज्या शहरात नाटेकरांनी किंग्ज कप जिंकला होता त्याच शहरात. त्यांना ते बघायला मिळालं नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

त्यांच्या घरात मात्र एक वर्तुळ पूर्ण झालं. त्यांचा मुलगा गौरव नाटेकर टेनिस खेळला, वडिलांनी सोडलेला खेळ. १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिएंडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्णपदक त्यानं मिळवलं. नाटेकरांच्या घरात एशियाडचं सोनं आलं ते टेनिसचं!

एक प्रश्न

(व्याख्यानानंतर श्रोत्यांमधून विचारलेला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर.)

*आजच्या खेळाडूंसमोर नाटेकर टिकले असते का?*

हा प्रश्न येणार हे माहीत होतं! आजचा स्मॅश तासाला चारशे किलोमीटरच्या पुढे जातो. लाकडी रॅकेट घेऊन, त्या काळच्या व्यायामावर वाढलेला माणूस आज कोर्टवर उतरवला तर हरेल. पण आजच्या एखाद्या खेळाडूला तुम्ही १९५६ मध्ये नेलंत, हातात लाकडी रॅकेट दिलीत, कोच नाही, फिजिओ नाही, पगार नाही, आणि म्हणालात की जा, मलायात जिंकून ये. तो जिंकेल? मला शंका आहे. माणसाला त्याच्या काळातून उचलून मोजता येत नाही. नाटेकरांच्या काळात जो सगळ्यात कठीण दरवाजा होता तो त्यांनी उघडला. नंतरचे सगळे त्यातून आत गेले.

उद्या परत जाताना टेबललँडवर कुणी बॅडमिंटन खेळताना दिसलं आणि शटल तुमच्या पायाशी आलं, तर उचलून द्या. आणि देताना त्या पोराला विचारा, नंदू नाटेकर माहीत आहेत का? नसतील, तर सांगा. तेवढं केलंत तरी आजचं बोलणं कामी आलं.